शेंडे का करपतात? बादलीला विचारा

प्रश्न: आम्ही तीन वर्षांपूर्वी बालेवाडीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरात आणि गॅलरीत मिळून १४ कुंड्या आहेत. दिवाळीपासून पानांवर तपकिरी डाग यायला लागलेत. दोन्ही स्पायडर प्लांटचे शेंडे वाळलेत, ड्रेसेनाची टोकं करपलीत, पीस लिलीच्या कडा तपकिरी झाल्यात. रबर प्लांटच्या वरच्या तीन पानांवर मोठे फिकट चट्टे आहेत. मनी प्लांटवर मात्र वेगळेच, पिवळी कड असलेले गोल ठिपके. नर्सरीवाल्यानं बुरशीचं औषध दिलं, ते तीनदा मारलं, काही फरक नाही. दर आठवड्याला खताचं पाणी देते. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठवून तेच घालते. सोसायटीत बोअर आहे, उन्हाळ्यात टँकरही येतात. गंमत म्हणजे सासूबाईंची तुळस त्याच गॅलरीत छान टवटवीत आहे. त्या तिला रोज सकाळी पूजेच्या तांब्यातलं पाणी घालतात, बाकी काही नाही. त्या म्हणतात, तुझ्या झाडांना दृष्ट लागली. काय करू? फोटो जोडले आहेत.
– हवालदिल, बालेवाडी

प्रिय हवालदिल,

आधी ती औषधाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवून द्या. चौथ्यांदा मारू नका. आणि करपलेली सगळी पानं छाटून झाड बोडकं करायचा विचार असेल तर तोही आठवडाभर पुढे ढकला, कारण त्या पानांवर अजून वाचण्यासारखं बरंच आहे.

तुमचे फोटो मी मोठे करून पाहिले. तुम्हाला वाटतंय घरात एकच साथ शिरलीय आणि ती कुंड्यांकुंड्यांतून फिरतेय. मला तीन वेगळी दुखणी दिसतात. रबर प्लांटचं एक, मनी प्लांटचं दुसरं, आणि उरलेल्या चौघांचं तिसरं. या तिसऱ्याचं मूळ तुमच्या त्या बादलीत आहे.

तपकिरी डाग म्हणजे पानाचा तेवढा भाग मेला, एवढंच. कशानं मेला ते रंगावरून कळत नाही. तहानेनं मेला तरी तपकिरी, मुळाशी पाणी साचून मेला तरी तपकिरी, उन्हानं भाजला तरी तपकिरीच. कळतं ते जागेवरून आणि बोटावरून. डाग टोकाला आहे की पानाच्या मध्ये? खालच्या जुन्या पानांवर की वरच्या कोवळ्या? फक्त खिडकीकडच्या अंगाला की चहूकडे? चिमटीत धरला तर कुरकुरतो की मऊ लागतो? एवढं पाहिलं की निम्म्याहून जास्त निदान झालं. आणि एक गोष्ट आताच पक्की करून टाका: इस्त्रीनं करपलेला शर्ट धुऊन पांढरा होत नाही, तसं करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानाला विचारू नका. नवीन पान कसं निघतंय ते बघा.

आता चौघांकडे येऊ. दोन स्पायडर प्लांट, ड्रेसेना, पीस लिली. चारही ठिकाणी डाग अगदी टोकापासून सुरू झालाय, कडेकडेनं आत आलाय आणि फोटोतसुद्धा कागदासारखा कोरडा दिसतोय. मधलं पान स्वच्छ आहे. बुरशी अशी शिस्तीनं टोकापासून सुरुवात करत बसत नाही. हे क्षारांचं काम.

झाड मुळांनी पाणी ओढतं, ते देठातून, शिरांतून पानाच्या कडेपर्यंत जातं आणि तिथून हवेत उडून जातं. पाणी उडतं, त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत. बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ उरते ना, तसंच. पानाचा शेंडा म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा शेवटचा स्टॉप, सगळं सामान तिथंच उतरतं. साचता साचता इतकं साचतं की तिथल्या पेशी मरतात. स्पायडर प्लांट आणि ड्रेसेना या बाबतीत फारच हळवी. त्यांना पाण्यातलं फ्लोराइडही सोसत नाही, शेंडा लगेच जळतो. (म्हणूनच त्यांना सुपर फॉस्फेट घालू नये, त्यात फ्लोराइड असतं.) तुमचा मनी प्लांट याच पाण्यावर टोकं न जाळता उभा आहे, कारण तो गेंड्याच्या कातडीचा.

तुमच्या घरी हे क्षार तीन वाटांनी येतात.

पहिली वाट फिल्टर. आरओ काय करतो? समजा चार लिटर पाणी आत गेलं. त्यातलं एक लिटर गोडं होऊन टाकीत पडतं आणि तीन लिटर नळीतून बाहेर येतं. पण चारही लिटरमधले क्षार जवळजवळ सगळे त्या तीन लिटरमध्ये आलेले असतात. म्हणजे आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) ५०० असेल तर तुमच्या बादलीतला साडेसहाशेच्या वर गेला. तुम्ही घरातलं सगळ्यात खारं पाणी निवडून, जपून साठवून, घरातल्या सगळ्यात नाजूक झाडांना घालताय. तेही गेली तीन वर्षं.

दुसरी वाट मूळ पाण्याचीच. खडकवासल्याच्या धरणातलं पाणी म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊस, ते तुलनेनं हलकं. पुण्यातल्या ज्यांच्या घरी महापालिकेचं पाणी चोवीस तास नसलं तरी पुरेसं येतं, त्यांच्या आरओचं टाकाऊ पाणीही झाडांना फारसं बाधत नाही. बोअर आणि टँकरची गोष्ट वेगळी. आपल्या खालच्या काळ्या पत्थरात मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. म्हणून बऱ्याच नव्या सोसायट्या पंपरूममध्ये सॉफ्टनर बसवतात. तुमच्याकडे आहे का ते वॉचमनला विचारा, किंवा सरळ पंपरूममध्ये डोकावून बघा: कोपऱ्यात मिठाची पोती रचलेली दिसली तर समजा आहे. अंघोळीला साबण अंगावरून निघतच नाही असं वाटत असेल, तर पोती बघायलाही जायला नको. हा सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. गीझर खूश, नळ खूश. झाडाला मात्र कॅल्शियम हवा असतो आणि सोडियम नको असतो, नेमकी उलट अदलाबदल. क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात.

तिसरी वाट तुमचं प्रेम. दर आठवड्याला खताचं पाणी! अहो, घरातल्या अर्ध्या उजेडात वाढणारी झाडं ती, महिन्यातून एकदा दिलं तरी भागतं, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या ताकदीचं, आणि थंडीत तेवढंही नको. खत म्हणजे शेवटी क्षारच.

आता तुळस बघा. त्याच गॅलरीत, त्याच उन्हात, त्याच घरात. फरक एकच, तिला तांब्यातलं पाणी मिळतं आणि पूजेचा तांब्या तुमच्याकडेही पिण्याच्याच पाण्यानं भरत असणार. म्हणजे सासूबाई नकळत तिला गोडं पाणी घालतायत, खत नाही, औषध नाही. तुळस मुळात काटक, ती बादलीच्या पाण्यावरही दोन दिवस जास्त तगली असती, हे मान्य. पण दृष्ट लागली असती तर आधी तिला लागली असती, एवढी देखणी आहे ती फोटोत.

तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही. पाणी वाया घालवायचं नाही हे आपल्याकडे हाडात मुरलेलं आहे. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात मोरीचं पाणी परसात जायचं आणि त्यावर अळू हत्तीच्या कानाएवढं व्हायचं. मग तोच न्याय कुंडीला का लागू नाही? कारण परसाला तळ नव्हता. पाऊस आला की सगळे क्षार खाली वाहून जायचे. तुमच्या आठ इंचाच्या कुंडीला तळ आहे, वर छत आहे, पाऊस तिला ठाऊक नाही. तिच्यात आलेलं मीठ बाहेर जायची एकच वाट, तळाचं भोक, आणि पाणी फरशीवर येऊ नये म्हणून आपण इतकं बेतानं घालतो की तिथून काही बाहेर पडतच नाही. तुमच्या पीस लिलीच्या कुंडीच्या कडेला पांढरट पापुद्रा आहे, दुसऱ्या फोटोत डावीकडे बघा. तीन वर्षांचा जमाखर्च आहे तो.

करायचं काय, ते सांगते. टीडीएस मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो, किंवा फिल्टरची सर्व्हिसिंग करायला माणूस येतो त्याच्या खिशात असतो. नळ, बादली आणि पिण्याचं पाणी, तिन्ही मोजा. मी माझ्यापुरता हिशोब ठेवलाय: ३०० च्या आत निर्धास्त, ५०० च्या वर नाजूक झाडांना नाही. मग कुंडीवरचा पांढरा पापुद्रा वरच्या बोटभर मातीसकट खरवडून टाका आणि त्या चार कुंड्या धुऊन काढा. म्हणजे कुंडी मोरीत किंवा गॅलरीच्या जाळीवर ठेवा, खालची ताटली काढा आणि जेवढी माती त्याच्या दुप्पट पाणी हळूहळू, थांबत थांबत ओता. पहिल्यांदा खालून चहासारखं पाणी येईल, मग फिकट होत जाईल. पूर्ण निथळू द्या. ताटलीत साचलेलं पाणी परत प्यायला ठेवायचं नाही, नाहीतर काढलेलं मीठ पुन्हा वर चढतं.

यासाठी गोडं पाणी कुठून आणायचं? तुमचं नशीब, आत्ता मे संपत आलाय. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस पुण्यात येतो. पहिली सर धूळ धुवायला जाऊ द्या. मग एखाद्या ढगाळ दिवशी चारही कुंड्या गच्चीवर नेऊन दोन-तीन जोरदार सरी खाऊ द्या. यापेक्षा चांगली आणि फुकट धुलाई नाही. फक्त तिथंच विसरू नका. ऊन पडलं की सावलीतली पानं भाजतील, आणि चार दिवस भिजत राहिली तर मुळं कुजतील.

तोवर रोजच्यासाठी एसीच्या नळीखाली बादली लावा. ते हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. शोभेच्या झाडांना उत्तम, कढीपत्ता-पुदिन्याला मात्र नको, कारण यंत्रातली धूळ त्यात उतरते. मेमध्ये एक एसी रात्रभर चालला की चार कुंड्यांना पुरून उरतं. आरओच्या पाण्यानं फरशी पुसा, गाडी धुवा, संडासात ओता. काटकसरीला धक्का नाही, फक्त बादल्यांची अदलाबदल.

रबर प्लांटचं उत्तर दोन ओळींचं आहे. चट्टे वरच्या तीनच पानांवर, तेही खिडकीकडच्या अंगाला, आणि रंग तपकिरीपेक्षा वाळक्या गवतासारखा. ऊन लागलंय. हिवाळ्यात सूर्य वेगळ्या कोनातून येतो, मार्चनंतर पश्चिमेच्या काचेतून दुपारी थेट पानावर पडतो आणि एप्रिलात पारा चाळिशीला टेकला की काचेमागची पानं भाजून निघतात. कुंडी खिडकीपासून दोन-तीन फूट आत घ्या किंवा पातळ पडदा लावा. पानं कापायची गरज नाही, ठीक असलेला हिरवा भाग अजून काम करतोय.

मनी प्लांटवर मात्र खरी बुरशी आहे, आणि गंमत बघा, त्यालाच तुम्ही सगळ्यात कमी घाबरलात. पानाच्या मध्येच कुठंही उठलेले गोल ठिपके, भोवती पिवळं कडं, नीट बघितलं तर एका ठिपक्यात आत वर्तुळं दिसतात. द्राक्षवाले ज्याला करपा म्हणतात, त्याच्याच भावकीतलं काहीतरी. बुरशीला पान तासन् तास ओलं लागतं. तुमच्या फोटोत मागं स्प्रेची बाटली दिसतेय. रोज पानांवर फवारता ना? बंद करा. पाणी फवारून हवेतला ओलावा वाढतो तो पाच-दहा मिनिटांपुरता, पानं मात्र ओली राहतात, आणि तुमच्या त्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके वर पडतात ते वेगळेच. ओलावा हवाच असेल तर झाडं एकमेकांजवळ ठेवा.

ठिपक्यांची पानं देठापासून काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. कात्री स्पिरिटनं पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावा. पाणी मातीत घाला, पानांवर नाही, आणि सकाळी घाला. महिनाभरात नवीन पानावर ठिपका आला नाही तर संपलं. आलाच तर, फक्त या झाडाला आणि फक्त गॅलरीत नेऊन, ते औषध वापरा, पाकिटावरच्या मापानं. तेव्हासुद्धा ते पुढच्या पानाला वाचवेल, डाग पुसणार नाही. तीनदा मारूनही फरक दिसला नाही म्हणालात, त्यातलं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मिठावर बुरशीचं औषध चालत नाही.

एका ठिपक्यापासून जपा. डाग पाणीदार, काळपट, शिरांमध्ये अडकल्यासारखा कोनाकोनाचा असेल आणि पान उजेडासमोर धरल्यावर तो तेलाच्या डागासारखा पारदर्शक दिसला, वास आला, तर तो जिवाणूंचा. त्यावर घरगुती उपाय शोधत बसू नका. झाड वेगळं ठेवा, पसरतच राहिलं तर मन घट्ट करून फेका. तुमच्या फोटोंत असं कुठं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं, पण पीस लिलीसाठी हवं असलेलं. बोटाचं दुसरं पेर बुडेल एवढं बोट मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. हे मी पुस्तकातून नाही शिकले. काही वर्षांपूर्वी दिवाळीत एक कॅलाथिया भेट मिळाली होती, सुंदर निळ्या चिनी मातीच्या कुंडीत. कुंडीला तळाला भोक नव्हतं, मी बघितलंच नाही. कडा तपकिरी व्हायला लागल्या, मला वाटलं तहानलीय, मी आणखी पाणी घातलं. आणखी तपकिरी, आणखी पाणी. शेवटी उपटून पाहिली तर आतून गटाराचा वास आणि मुळं बोटात धरली की साल निसटून हातात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पाण्यात बुडालेलं झाड तहानलेल्यासारखंच दिसतं. फरक असा की बुडालेल्या झाडाची खालची पानं आधी पिवळी पडून मऊ होतात, आणि तुमची तशी नाहीत.

याच्या उलटही होतं. नर्सरीतून रोप येतं ते लाल मातीच्या घट्ट गोळ्यात. आपण तो गोळा तसाच मोठ्या कुंडीत बसवतो, भोवती कोकोपीट घालतो. गोळा एकदा कडक वाळला की पाणी त्याच्या बाजूनं सरकन् खाली जातं, ताटली भरते, आपल्याला वाटतं झाड प्यायलं. आत मुळं कोरडीठाक. तुमचं ड्रेसेना धुवायला घ्याल तेव्हा कुंडीतून काढून गोळा एकदा बघा. दगडासारखा असेल तर बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, मग बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करा.

आणि एकदा पानं उलटी करून पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेतला पाहुणा. पान ओल्या फडक्यानं खालून पुसायचं, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी फवारायचं, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. ठिपके चालले नाहीत तर ती धूळ, बालेवाडीत बांधकामं चालूच आहेत.

दालचिनीची पूड, चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, ताक, या सगळ्याबद्दल तुमच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलंच असेल. यातलं काहीही मीठ बाहेर काढत नाही. चहा तर साखर-दुधासकट घातला तर मुंग्या आणि चिलटं येतील, ती निस्तरायला पुढचं पत्र लिहावं लागेल.

शेवटी, माझं ऐकूनही पटलं नसेल तर तुमच्याकडे दोन स्पायडर प्लांट आहेत, ही फार सोय आहे. दोन्ही धुवा. एक आहे तिथंच ठेवा आणि त्याला बादलीचंच पाणी घालत राहा. दुसरा तुळशीशेजारी, पण तिच्या सावलीत, ठेवा आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्याला द्या. खत दोघांनाही नाही. दोन्हींच्या अगदी मधल्या, आज निघालेल्या पानाला दोरा बांधून ठेवा आणि नागपंचमीच्या आसपास दोन्ही पानांचे शेंडे शेजारी धरून मला एक फोटो पाठवा. तांब्या मात्र सासूबाईंना विचारूनच हलवा.